उजवी सही आणि डावा मेंदू

नोव्हेंबर महिना उजाडला की बँकेच्या शाखांमध्ये निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ वाढते. हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू झाल्यापासून अनेकांची ही खेप वाचली असली, तरी समक्ष येऊन, काउंटरवरील ओळखीच्या माणसाशी चार शब्द बोलून, सही करून जाण्यात समाधान मानणारे आजही पुष्कळ आहेत. शाखा इंदूरची असो, हैदराबादची असो वा साताऱ्याची, हे दृश्य सर्वत्र सारखेच.

अशा रांगेत अधूनमधून एखादे गृहस्थ असे येतात, की ज्यांची गेल्या वर्षीची वळणदार सही यंदा कागदावर उतरत नाही. उजवा पाय किंचित ओढत, मुलाच्या आधाराने ते आत आलेले असतात. उजवा हात डाव्या हाताने उचलून त्यांनी टेबलावर ठेवलेला असतो. पेन बोटांत ठरत नाही. नमुना सहीच्या कार्डावर तीस वर्षांपूर्वीची ठसठशीत अक्षरे आणि समोरच्या कागदावर मात्र एक थरथरती रेघ.

‘‘बाबांच्या अंगावरून वारं गेलं, साहेब,’’ मुलगा सांगतो. आणि न उलगडलेले कोडे सांगावे तशी पुस्ती जोडतो, ‘‘गेलं उजवं अंग, पण डॉक्टर म्हणतात गुठळी डाव्या मेंदूत आहे.’’

त्याचा गोंधळ स्वाभाविक आहे. हातातील सी.टी. स्कॅनच्या फिल्मवर तो काळसर डाग उजवीकडेच दिसत असतो. उजवीकडे डाग, उजवे अंग लुळे. मग मध्येच हा डावा मेंदू कोठून आला? फिल्म वाचण्याची जगभर रूढ असलेली रीत अशी, की रुग्ण उताणा निजलेला आहे आणि पाहणारा त्याच्या पायथ्याशी उभा राहून डोक्याकडे पाहत आहे असे समजावयाचे. मग रुग्णाची डावी बाजू पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. म्हणजे फिल्मवर उजवीकडे दिसणारा डाग खरोखर डाव्या मेंदूतला असतो, आणि डाव्या मेंदूतल्या बिघाडाने उजवे अंग जाते. अदलाबदल दोनदा होते. पहिली केवळ फिल्म पाहण्याच्या संकेतामुळे. दुसरी मात्र शरीरात प्रत्यक्ष घडते, आणि ती जेथे घडते ती जागा बोटाच्या पेराएवढीही नाही.

विचारापासून बोटापर्यंत

सही करावयाची आहे हा विचार मनात येणे आणि पेन कागदावर टेकणे यांत क्षणाचेही अंतर भासत नाही; पण तेवढ्या अवधीत संदेशाचा बराच लांबचा प्रवास होऊन जातो. मोठ्या मेंदूचे डावा आणि उजवा असे दोन गोलार्ध असतात. लहान मुली केस मागे बसविण्यासाठी डोक्यावर जेथे हेअरबँड लावतात, साधारण त्याच रेषेत कवटीच्या आत, प्रत्येक गोलार्धावर मेंदूच्या पृष्ठभागाची एक पट्टी असते. स्नायूंना हालचालीचे हुकूम मुख्यतः येथून सुटतात. या पट्टीवर जणू शरीराचा नकाशाच मांडलेला आहे, परंतु उलटा : पाय माथ्याजवळ, त्याखाली धड, मग हात, आणि चेहरा, ओठ, जीभ सर्वांत खाली. नकाशाचे प्रमाणही विचित्र आहे. अख्ख्या पाठीला चिमूटभर जागा, तर अंगठा, बोटे आणि ओठ यांना ऐसपैस. जितके काम नाजूक तितकी जागा मोठी, असा येथील हिशेब. सही हे अशाच नाजूक कामांपैकी एक होय.

या पट्टीतून, तसेच तिच्या मागच्या-पुढच्या भागांतून निघणारे मज्जातंतू खाली मज्जारज्जूकडे जातात. प्रत्येक बाजूला त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असते. त्यांतील सर्वांत जाड तंतूंमधून संदेश सेकंदाला ५० मीटरहून अधिक वेगाने धावतो. आरंभी हे तंतू पंख्यासारखे पसरलेले असतात. मेंदूच्या खोल भागात ते एकवटून एका अरुंद खिंडीतून जातात. या खिंडीला वैद्यकात ‘इंटर्नल कॅप्सूल’ म्हणतात. पृष्ठभागावर एखादी लहान रक्तवाहिनी बंद पडली तर कदाचित केवळ हातच दुबळा होईल. पण या खिंडीत वाटाण्याएवढ्या जागेचा रक्तपुरवठा थांबला तरी चेहरा, हात आणि पाय हे तिन्ही एकाच वेळी जाऊ शकतात. मोठ्या शहराची सारी वाहतूक एकाच पुलावरून जात असावी आणि नेमका तोच पूल खचावा, तसा हा प्रकार आहे.

खिंड ओलांडल्यावर तंतूंचा हा जुडगा मेंदूच्या दांड्यातून उतरत लंबमज्जेत पोहोचतो. लंबमज्जा म्हणजे मेंदू संपून मज्जारज्जू सुरू होण्यापूर्वीचा अखेरचा टप्पा. तिच्या पुढच्या अंगाला मधल्या खाचेच्या दोहो बाजूंस दोन उंचवटे दिसतात. त्यांच्या आकारावरून त्यांना ‘पिरॅमिड’ हे नाव पडले आहे. या पिरॅमिडांच्या तळाशी, कवटीच्या बुडाच्या मोठ्या छिद्रापाशी, ती गोष्ट घडते. डावीकडील तंतूंच्या जुड्या उजवीकडे वळतात, उजवीकडील डावीकडे, आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तशा त्या एकमेकींना ओलांडून पलीकडे जातात. मध्यरेषेवरची खाच तेवढ्यापुरती बुजून गेलेली दिसते. बँकेत ‘क्रॉस’ म्हटले की धनादेशाच्या कोपऱ्यातील दोन समांतर रेषा डोळ्यांपुढे येतात. त्या रेषा एकमेकींना कोठेच छेदत नाहीत, तरी त्यांना ‘क्रॉस’ म्हणावयाचे! येथे मात्र खरीखुरी फुली असते.

शेकडा ८० ते ९० तंतू या फुलीपाशी बाजू बदलतात आणि मज्जारज्जूच्या कडेने खाली उतरतात. हात ज्या उंचीवर जोडलेला आहे तेथे हाताचे तंतू थांबतात, पायाचे आणखी खाली जातात. तेथे हे लांबचे तंतू आपला निरोप मज्जारज्जूतल्या दुसऱ्या पेशीच्या हवाली करतात आणि त्या पेशीचा तंतू बाहेर पडून थेट स्नायूला भिडतो. हा दुसरा टप्पा बाजू बदलत नाही. म्हणून मेंदूला इजा झाली तर विरुद्ध अंग दुबळे होते. पण मानेखाली मज्जारज्जूच्या एका बाजूला इजा झाली तर त्याच बाजूचे.

उरलेले शेकडा १० ते २० तंतू फुलीपाशी सरळच खाली जातात. त्यांतील बरेच पुढे आपल्या मुक्कामाच्या जवळ बाजू बदलतात. माणसागणिक हे प्रमाण कमी-अधिक असते, हे जर्मन शास्त्रज्ञ पॉल फ्लेक्सिग याने १८७६ मध्येच नोंदवून ठेवले आहे. मान, पाठ आणि पोट यांच्या स्नायूंना दोन्ही गोलार्धांकडून निरोप येतात. त्यामुळेच अर्धे अंग गेलेला रुग्णही आधाराने उठून बसू शकतो. बोटांना मात्र अशी दुहेरी सोय जवळजवळ नाही. पक्षाघातानंतर काही महिन्यांत माणूस काठी टेकत चालू लागतो, पण शर्टाचे बटण लावणे वा सही करणे त्याला जमत नाही, त्याचे एक मोठे कारण हेच.

कोणी, कधी ओळखले?

आपल्याकडे चरक आणि सुश्रुत या दोघांच्याही संहितांत अर्धे अंग निकामी होण्याचा विकार वातव्याधींमध्ये वर्णिलेला आहे. ‘पक्षाघात’ हा शब्द त्या परंपरेतला. ‘अर्धांगवायू’ आणि ‘अंगावरून वारं जाणं’ या मराठी प्रयोगांतही तो वात टिकून राहिला आहे.

ग्रीसमध्ये निरीक्षणाची सुरुवात डोक्याच्या जखमांपासून झाली. हिपॉक्रेटसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन ग्रंथसंग्रहात, जखम डोक्याच्या एका बाजूस असेल तर आचके दुसऱ्या बाजूच्या अंगाला येतात, अशी नोंद आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत, आज तुर्कस्तानात असलेल्या कॅपाडोशिया प्रांतातील अरेटियस या वैद्याने तर कमालच केली. बिघाड डोक्याखाली असेल तर त्याच बाजूचे आणि डोक्यात असेल तर विरुद्ध बाजूचे अंग जाते, असे त्याने स्पष्ट लिहिले. कारणही दिले. मज्जा उगमापाशीच एकमेकींना ओलांडतात आणि ग्रीक लिपीतील ‘खी’ या अक्षराचा आकार धारण करतात, असे त्याचे म्हणणे. हे अक्षर म्हणजे सरळसरळ फुली. सूक्ष्मदर्शक नाही, विद्युत उपकरण नाही. केवळ रुग्णांकडे पाहून बांधलेला हा अंदाज होता.

त्यानंतर दीड हजार वर्षांहून अधिक काळ ही फुली कोणी बोटाने दाखवू शकले नाही. १७०९ मध्ये इटालियन वैद्य दोमेनिको मिस्तिकेल्ली याने पक्षाघातावरील आपला ग्रंथ रोम येथे प्रसिद्ध केला आणि लंबमज्जेतील तंतूंच्या ओलांडणीचे वर्णन केले. लगेच पुढच्या वर्षी, १७१० मध्ये, फ्रेंच लष्करी वैद्य फ्रांस्वा पुरफूर द्यू पती याने नामूर येथे आपली पत्रे छापली. या पतीची कामगिरी अधिक मोलाची मानावी लागते. चौदाव्या लुईच्या लढायांत जखमी झालेले सैनिक त्याच्या रुग्णालयात येत. डोक्याला एका बाजूस मार लागलेल्याचे दुसऱ्या बाजूचे हातपाय दुबळे होतात, हे त्याने पाहिले. रुग्ण दगावल्यास शवविच्छेदन करून मेंदूतील जखमेची जागा तपासली. कुत्र्यांवर प्रयोग करून तेच पुन्हा घडते का हे पडताळले. आणि पिरॅमिडांतील तंतू नेमके कसे गुंफले जातात हे चित्र काढून दाखविले. निरीक्षण, पडताळा, प्रयोग आणि नकाशा असा चौकोन त्या एका माणसाने युद्धाच्या धामधुमीत पूर्ण केला. त्याचे नाव वैद्यकाच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी घेत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मेंदूचा पृष्ठभागच हालचालीचा हुकूम देतो, हे सिद्ध व्हावयास १८७० साल उजाडले. गुस्टाव फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग या दोघांनी बर्लिनमध्ये कुत्र्याच्या मेंदूच्या एका भागाला सौम्य विद्युतप्रवाहाने स्पर्श केला आणि विरुद्ध बाजूचा पाय हलला. प्रयोगशाळेत जागा नसल्यामुळे हे प्रयोग हिट्झिगच्या राहत्या घरी झाले असे सांगतात. त्याच्या पत्नीला त्याविषयी काय वाटले असेल ते ज्याचे त्याने ठरवावे. पुढे १८८१ मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत डेव्हिड फेरियरने मेंदूच्या एका बाजूचा हालचालींचा भाग काढून टाकलेले माकड सभेपुढे आणले. लंगडत चाललेल्या त्या माकडाला पाहून पॅरिसचे ख्यातनाम डॉक्टर शार्को यांना आपल्या वॉर्डातील रुग्णच समोर आल्यासारखे वाटले. विसाव्या शतकात, १९३० नंतर, कॅनडातील माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूवर विद्युतस्पर्श करून मानवी मेंदूचा तो उलटा नकाशा रेखाटला. रुग्णाचा विरुद्ध हात हले, आणि हात आपण हलविला नाही, तुम्ही हलविलात, असे रुग्ण डॉक्टरांना सांगे.

फुली कशासाठी?

हा प्रश्न कोणालाही सुचेल. डाव्या मेंदूने डाव्या हाताला हुकूम द्यावा, हे सोपे नव्हते काय? स्पेनचे थोर शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ कहाल यांनी १८९८ मध्ये एक डौलदार उत्तर मांडले. डोळ्याच्या भिंगामुळे आतील पडद्यावर प्रतिमा उलटी पडते. दोन डोळ्यांची दोन उलटी चित्रे मेंदूत सलग जुळावयाची तर दृष्टीच्या तंतूंना बाजू बदलणे भाग आहे. आणि दृष्टी एकदा पलीकडे गेली की तिच्या मागोमाग हालचालीलाही जावे लागले. अलीकडे काही शास्त्रज्ञांनी आणखी निराळी कल्पना मांडली आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या एखाद्या अतिप्राचीन पूर्वजाच्या देहाला डोके आणि धड यांच्या सांध्याशी पीळ पडला असावा, असे ते म्हणतात. यांपैकी कोणतेच उत्तर अद्याप सर्वमान्य झालेले नाही.

‘कशासाठी’ सुटले नसले तरी ‘कसे’ बरेचसे सुटले आहे. गर्भात वाढणाऱ्या तंतूच्या टोकाला वाट दाखविण्यासाठी मध्यरेषेवरील पेशी काही प्रथिने सोडतात. १९९४ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी असे एक प्रथिन वेगळे केले आणि त्याचे नाव ठेवताना चक्क संस्कृतचा आधार घेतला. ‘नेतृ’, म्हणजे नेणारा, वाट दाखविणारा, यावरून त्यांनी त्याला ‘नेट्रिन’ म्हटले. नेट्रिन तंतूला मध्यरेषेकडे ओढते. तंतू एकदा पलीकडे गेला की ‘स्लिट’ नावाची दुसरी प्रथिने त्याला परत फिरू देत नाहीत. गर्भ साधारण चार महिन्यांचा होईपर्यंत फुली पूर्ण झालेली असते. मात्र या तंतूंवरील वेष्टण जन्मानंतरही दोन वर्षांपर्यंत तयार होत राहते. तान्ह्या बाळाच्या तळपायावरून बोट ओढले की त्याचा अंगठा वर जातो. मोठ्या माणसात हेच झाले तर तंतुमार्गात बिघाड असल्याची ती खूण ठरते. १८९६ मध्ये तिचे महत्त्व दाखवून देणाऱ्या जोसेफ बाबिन्स्की यांच्या नावानेच ती ओळखली जाते.

क्वचित एखाद्या व्यक्तीत वाटाड्याचा निरोप पोहोचतच नाही. नेट्रिनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकात दोष असला तर काही जणांच्या दोन्ही हातांच्या हालचाली जोडल्यासारख्या होतात. उजव्या हाताने लिहू लागले की डावा हातही हवेत तेच गिरवितो. या दोषाचा उलगडा २०१० मध्ये झाला. त्याहून विलक्षण प्रकार २००४ मध्ये उजेडात आला. ‘रोबो-३’ या जनुकातील दोषामुळे काही व्यक्तींच्या तंतूंनी बाजू बदललेलीच नसते. डावा मेंदू डाव्या हाताला हुकूम देतो. त्यांना डोळे आडवे फिरविता येत नाहीत आणि पाठीला बाक येत जातो. पण त्यांचे हातपाय मात्र चालतात. म्हणजे फुलीवाचून हात हलणारच नाही, असे नाही. मग कोट्यवधी वर्षे निसर्गाने ती का जपली, हे कोडे अधिकच गडद होते.

बाजूची भाषा

डॉक्टरांच्या दृष्टीने ही फुली म्हणजे पत्ता शोधण्याची किल्ली. उजवा हात, उजवा पाय आणि चेहऱ्याची उजवीकडील खालची बाजू असे सर्व एकत्र गेले असेल, तर बिघाड फुलीच्या वर, डाव्या गोलार्धात, असा कयास होतो. डाव्या डोळ्याची पापणी उतरली आहे आणि उजवे हातपाय दुबळे आहेत, असे दिसले तर बिघाड मेंदूच्या दांड्याच्या वरच्या भागात. १८६३ मध्ये हर्मन वेबर यांनी वर्णिलेले हे लक्षण आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. एका पायातील शक्ती कमी आणि दुसऱ्या पायातील वेदना व उष्णता यांची जाणीव कमी, असे असेल तर बिघाड फुलीच्या खाली, मज्जारज्जूच्या एका बाजूला. कारण वेदनेचे तंतू मज्जारज्जूतच बाजू बदलतात, हालचालीचे वर बदलून आलेले असतात. मॉरिशसमध्ये जन्मलेल्या ब्राउन-सेकार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे उलगडले. लहान मेंदूचा कारभार पुन्हा निराळा. त्याचे निरोप दोनदा बाजू बदलतात, म्हणजे हिशेब जमेचा तेवढाच खर्चाचा, आणि त्याचा बिघाड त्याच बाजूच्या अंगात दिसतो.

घरच्या माणसांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट कपाळाची आहे. कपाळाच्या स्नायूंना दोन्ही गोलार्धांकडून निरोप मिळतात. म्हणून मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडे झाले तरी रुग्णाला बहुधा दोन्ही भुवया उंचावता येतात. एका बाजूचे कपाळ, डोळा आणि ओठ हे सगळेच निश्चल झाले असतील आणि हातपाय शाबूत असतील, तर तो बहुधा चेहऱ्याच्या मज्जातंतूचा स्थानिक विकार असतो. तथापि हा निवाडा डॉक्टरांनी करावयाचा. भुवया पाहून घरीच थांबणे धोक्याचे.

वेळ आणि वाचा

पक्षाघात बहुतेक वेळा रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने, तर काही वेळा रक्तवाहिनी फुटल्याने होतो. दोन्हींची बाह्य लक्षणे सारखी आणि उपचार परस्परविरुद्ध, म्हणून स्कॅनवाचून गत्यंतर नाही. मोठी रक्तवाहिनी बंद पडली असता उपचाराविना मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नलिका घालून गुठळी ओढून काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो. चेहरा एका बाजूला ओढला गेला, वर केलेल्या दोन हातांपैकी एक खाली घसरू लागला वा बोलणे अडखळले, की १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. लक्षणे किती वाजता सुरू झाली हेही लिहून ठेवावे. रुग्णालयात पहिला प्रश्न तोच असतो. लुळ्या अंगाला पारव्याचे रक्त चोळण्याची समजूत अजून पुष्कळ गावांतून आढळते. त्या पारव्याच्या शोधात जे तास जातात ते परत मिळत नाहीत.

उजवे अंग गेले की पुष्कळदा वाचाही जाते. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक सर्वांची भाषेची केंद्रे डाव्याच गोलार्धात, हाताच्या केंद्राच्या शेजारी असतात आणि दोहोंना रक्त पुरविणारी वाहिनी एकच. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात असा एक रुग्ण होता. कोणत्याही प्रश्नाला तो ‘तां’ एवढेच उत्तर देई, म्हणून सारे त्याला तां याच नावाने ओळखत. त्याचे उजवे हातपाय लुळे पडले होते. १८६१ मध्ये सर्जन पॉल ब्रोका यांनी त्याला तपासले. येथे किती वर्षे आहेस, असे त्यांनी विचारले, तेव्हा तांने डावा हात चार वेळा उघडला आणि एक बोट दाखविले. एकवीस वर्षे. उत्तर बिनचूक होते. काही दिवसांत तो मरण पावला आणि शवविच्छेदनात त्याच्या डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात व्रण आढळला. ब्रोकांचे नाव त्या भागाला मिळाले.

काउंटरवर आलेल्या त्या गृहस्थांच्या बाबतीत हे विसरता येत नाही. त्यांना ‘पाच हजार’ म्हणता येत नसेल, कदाचित ‘पाच’ म्हणावयाचे असता तोंडून ‘सात’ निघत असेल. पण म्हणून त्यांना आपल्या खात्यात किती शिल्लक आहे हे कळत नाही, असे ठरत नाही. रक्कम कागदावर लिहून पुढे केली, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात उत्तर देता येईल असे प्रश्न विचारले, आणि मुलाकडे न पाहता त्यांच्याकडे पाहिले, की व्यवहार बहुधा पार पडतो. मात्र काहींना भाषा समजणेही जड जाते. तेथे घाई करून कागदावर ठसा उमटवून घेणे योग्य नव्हे.

सहीविषयी भारतीय रिझर्व्ह बँकेच्या सूचना पुरेशा स्पष्ट आहेत. आजारी, वृद्ध वा असमर्थ खातेदाराला सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी त्याची ओळख पटवावयाची असते व त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ठसाही देता येत नसेल आणि खातेदाराला शाखेत येणेही शक्य नसेल, तर धनादेशावर वा पैसे काढण्याच्या अर्जावर केवळ खूण घेता येते. पैसे कोण नेणार हे खातेदाराने दर्शवावयाचे आणि त्या व्यक्तीचीही ओळख दोन साक्षीदारांनी पटवावयाची. ७० वर्षांवरील ज्येष्ठ आणि दीर्घ आजार वा अपंगत्व असलेले ग्राहक यांना मूलभूत सेवा घरपोच देण्याविषयी नोव्हेंबर २०१७ चे परिपत्रक आहे. पुष्कळ कुटुंबांना त्याची कल्पनाच नसते.

एक शंका शाखांतून वारंवार विचारली जाते. ठसा पुरुषाचा डाव्या आणि स्त्रीचा उजव्या अंगठ्याचा घेण्याची रूढी आहे. मग उजवे अंग गेलेल्या स्त्रीचे काय? बोटांवरील रेषा मज्जातंतूंवर अवलंबून नसतात. मेंदूकडून एकही हुकूम येत नसला तरी त्या रेषा होत्या तशाच राहतात आणि लुळ्या हाताचा अंगठा दुसऱ्याने अलगद धरून टेकविला तरी ठसा तोच उमटतो. हात मुठीत आखडून गेला असेल आणि अंगठा मोकळा होत नसेल तर ओढाताण करू नये. दुसऱ्या हाताचा घ्यावा आणि तो कोणत्या हाताचा आहे हे शेजारी लिहावे.

डाव्या हाताने सही करण्याचा सराव अनेक जण जिद्दीने करतात. त्या वेळी हुकूम उजव्या, न दुखावलेल्या गोलार्धाकडून येत असतो. पहिल्या सह्या पाटीवर गिरविलेल्या अक्षरांसारख्या येतात, एक दुसरीशी जुळत नाही, म्हणून त्या लगेच नोंदविण्याची घाई करू नये. वळण बसले की खातेदाराने अर्ज देऊन नवी नमुना सही नोंदवावी. जुन्या सहीने आधीच दिलेले, परंतु अद्याप वटावयाचे धनादेश असतील तर त्यांचे क्रमांकही त्याच वेळी शाखेला कळवावेत.